शर्यत रस्त्यावर नको ना? मग जागा द्या!

थोडं मोठं लिहितोय. शिव्या घालायच्या असतील तरी पूर्ण वाचून घाला, एवढीच विनंती.

गेल्या वर्षी, वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी, मी पुन्हा बाइक रेसिंग सुरू केलं. हौशी. बक्षीस, प्रायोजक, फोटोग्राफर असलं काही नाही. कॉलेजात असताना मित्राच्या आरएक्स 100 वर मातीच्या ट्रॅकवर दोन-तीन सीझन केले होते. मग नोकरी, लग्न, घराचं लोन, पोरांच्या शाळा, आणि मधली पंचवीसेक वर्षं कुठे गेली कळलंच नाही. आता थोडी उसंत मिळाली म्हणून परत आलो.

ही बातमी कोलशेतमध्ये फुटल्यापासून नाक्यावर, लिफ्टमध्ये, लग्नाच्या पंगतीत एकच ऐकतोय. "या वयात शोभतं का?" "पैसा जास्त झालाय वाटतं." "पोरांसमोर काय आदर्श ठेवताय?" तिन्हींची उत्तरं देतो. पण त्यानंतर एक प्रश्न मीही विचारणार आहे, आणि तो शेजाऱ्यांना नाही.

आधी वयाचं बोलू. व्हॅलेंटिनो रॉसी 42 वर्षांचा होईपर्यंत मोटोजीपीत होता, 2021 ला थांबला. जॉन मॅकगिनेस नावाच्या माणसाने 2022 मध्ये पन्नाशीत आयल ऑफ मॅन टीटीमधली आपली शंभरावी शर्यत सुरू केली. ती मोठी माणसं, त्यांच्याशी माझी तुलना नाही. सांगायचं एवढंच की पंचेचाळिशी म्हणजे देवळाच्या पायरीवर बसायचं वय, हा नियम कुठे लिहिलेला नाही.

वय आडवं येतं, हे खरंय. विशीतला पोरगा माझ्यापेक्षा खूप उशिरा ब्रेक मारतो आणि तरी वळतो. माझे गुडघे दुसऱ्या दिवशी जिना उतरताना हिशेब मागतात. सुरू करण्याआधी डॉक्टरकडे जाऊन ट्रेडमिलवर टेस्ट करून घेतली, बीपीचं बघितलं, पाच किलो उतरवले. म्हणजे या खेळाने मला जे करायला लावलं ते माझ्या बायकोला दहा वर्षं जमलं नव्हतं. आणि मजा सांगू? माझी लढाई पहिल्या नंबरसाठी नसतेच. ती अकराव्यासाठी असते, दहाव्याच्या मागे लागून. पण तीही लढाईच असते.

आता पैसा. "श्रीमंतांचे चोचले" म्हणणाऱ्यांसाठी हा माझा हिशेब. जुनी सेकंड हँड आर15, 70 हजार. ती ट्रॅकसाठी तयार करायला 18 हजार. यात आरसे, इंडिकेटर, साइड स्टँड काढणं आलं, ऑइलचा बोल्ट तारेने बांधणं आलं, आणि कूलंट काढून साधं पाणी भरणं आलं, कारण कूलंट ट्रॅकवर सांडलं तर मागचे चार जण घसरतात. सेकंड हँड लेदर सूट 32 हजार, हेल्मेट 14, बूट 9, ग्लोव्हज 5, पाठीचा प्रोटेक्टर 4. झाले एक लाख 52 हजार, तेही एकदाच. पुढे एका फेरीला 20-22 हजार: ट्रॅकची फी, रेल्वेचं तिकीट, पेट्रोल, टायरची झीज, आणि चौघांत मिळून केलेल्या टेम्पोतला माझा वाटा. वर्षाला दोन फेऱ्या, यापेक्षा जास्त परवडत नाही.

आता आपल्याच कॉम्प्लेक्सच्या पार्किंगमध्ये एक चक्कर मारा. चार-पाच लाखांच्या टुरिंग बाइका कव्हर घालून उभ्या आहेत. त्यांचा एका वर्षाचा हप्ता माझ्या दोन फेऱ्यांच्या दुप्पट असेल. रविवारी पहाटे त्या निघतात, मिसळीच्या नावाखाली. खंबाटकीत किंवा कसाऱ्याच्या घाटात आंधळ्या वळणावर ओव्हरटेक होतं, पायात स्पोर्ट्स शूज, अंगात टी-शर्ट, हेल्मेटवर कॅमेरा. संध्याकाळी रील येतं आणि खाली दोनशे बदाम. त्याला कुणी विचारत नाही, शोभतं का? तो "रायडर" आणि मी "म्हातारचळ लागलेला". हा कुठला न्याय?

राहिला आदर्शाचा प्रश्न. ट्रॅकवर पहिल्या दिवशी काय शिकवतात माहितीये? झेंडे. पिवळा झेंडा दिसला की पुढे अपघात आहे, ओव्हरटेक बंद. लाल दिसला की वेग कमी करून पिटमध्ये परत. मोडलं की दंड, पुन्हा मोडलं की घरी. तिथे समोरून गाडी येत नाही, कुत्रा आडवा येत नाही, खड्डा नसतो, डिव्हायडर नसतो. पडलास तर घसरत जायला मोकळी जागा असते आणि ॲम्ब्युलन्स उभी असते. आता कापूरबावडीच्या सिग्नलला पाच मिनिटं उभे राहा आणि लाल दिव्याला किती जण थांबतात ते मोजा. आदर्श नक्की कुठे बिघडतोय, ते तुम्हीच ठरवा.

2022 चे केंद्र सरकारचे आकडे आहेत: देशात रस्ते अपघातांत 1,68,491 माणसं गेली. त्यात दुचाकीवरची 44.5 टक्के, म्हणजे जवळजवळ निम्मी. हेल्मेट न घातलेले 50 हजारांच्या वर. हे आकडे रेसिंगच्या खेळाचे नाहीत, आपल्या रोजच्या रस्त्याचे आहेत. आणि आकडे वाचायचा कंटाळा असेल तर घोडबंदर रोडने जाताना वर बघा. वाढदिवसाच्या बॅनरांच्या रांगेत अधूनमधून एक काळा-पांढरा बॅनर असतो, भावपूर्ण श्रद्धांजली, फोटोतला पोरगा एकोणीस-वीस वर्षांचा. पंधरा दिवसांनी त्या जागी दुसराच बॅनर लागतो आणि आपण विसरतो. त्याच्या घरचे विसरत नाहीत.

आता माझा प्रश्न, प्रशासनाला आणि निवडून दिलेल्यांना.

बाळकुम ते गायमुख असा खाडीकिनारी मार्ग होतोय, साधारण 13 किलोमीटरचा, आपल्या कोलशेतच्या बाजूनेच. घोडबंदरवरची कोंडी बघता तो हवाच, माझा विरोध नाही. पण रात्री बारानंतर तो रुंद, गुळगुळीत, मोकळा रस्ता बघून काय होणार हे सांगायला ज्योतिषी लागत नाही. नवी मुंबईकरांना पाम बीच रोडबद्दल विचारा. मग पोलीस नाकाबंदी लावणार, चार बाइका जप्त होणार, पेपरात फोटो येणार. आठवड्याने पोरं दुसऱ्या रस्त्यावर. हा खेळ आपण गेली कित्येक वर्षं खेळतोय, आणि यात जिंकलेला माणूस मी अजून बघितला नाही.

कायदा काय म्हणतो ते वाचा. मोटार वाहन कायद्याचं कलम 189. राज्य सरकारच्या लेखी संमतीशिवाय सार्वजनिक ठिकाणी शर्यत लावली तर पहिल्या वेळी तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा 5,000 रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. 2019 ला शिक्षा वाढवली, आणि ती योग्यच आहे. पण ते शब्द परत वाचा: "लेखी संमतीशिवाय". म्हणजे संमती देण्याची सोय कायद्यातच आहे. आपल्याकडे कलमाचा दंडाचा भाग सगळ्यांना पाठ, संमतीचा भाग कुणी वाचलेलाच नाही. आम्ही तिघं-चौघं एका कार्यालयात अर्ज घेऊन गेलो होतो. नाव घेत नाही. तिथल्या साहेबांनी शांतपणे विचारलं, "हे नक्की कशात बसवायचं, मिरवणुकीत की मेळाव्यात?" राग त्या साहेबांचा नाही आला. त्यांच्यासमोरच्या फॉर्मात रकानाच नव्हता, ते तरी काय करणार?

कुणी म्हणेल, धोक्याच्या खेळाला सरकारने का हात लावावा? अहो, ठाण्यात बसून हे विचारता? दहीहंडी काय सुरक्षित खेळ आहे? नऊ थर लागताना आपल्याच छातीत धडधडतं. तरी 2022 ला सरकारने तिला खेळाचा दर्जा देण्याची घोषणा केली, गोविंदांसाठी मदत ठरवली, दुर्दैवाने मृत्यू झाला तर कुटुंबाला 10 लाख. उत्तम केलं. बैलगाडा शर्यत घ्या. आपल्या आगरी पट्ट्यात तिच्यावर जीव ओवाळून टाकणारी माणसं आहेत. 2014 ला सुप्रीम कोर्टाने बंद केली, 2017 ला राज्याने कायदा बदलला, 2021 च्या डिसेंबरात परवानगी मिळाली, 18 मे 2023 ला घटनापीठाने कायदा वैध ठरवला. आता जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी काढून, अटी पाळून शर्यती होतात. म्हणजे शर्यतीची हौस चोरून भागवण्यापेक्षा नियमात आणून भागवावी, हे आपल्या राज्याने आधीच मान्य केलंय. मग इंजिनाने काय पाप केलं?

दक्षिणेतली राज्यं बघा. चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टईला 1990 पासून 3.7 किलोमीटरचा ट्रॅक आहे, कोइंबतूरला 2.1 किलोमीटरचा करी स्पीडवे आहे. टीव्हीएसच्या, होंडाच्या, रॉयल एनफिल्डच्या शर्यती तिथे होतात. काही शर्यतींत तर गाडी आयोजकच देतात, म्हणजे गरीब घरातल्या पोराला गाडी विकत घ्यावी लागत नाही. हैदराबादने 2023 ला हुसेन सागरच्या काठी फॉर्म्युला ई भरवली. तमिळनाडू सरकारने 2024 ला चेन्नई शहराच्या मधोमध फॉर्म्युला 4 ची रात्रीची शर्यत घेतली. ठाण्याच्या पोराला मात्र सराव करायचा तर कुर्ल्याहून कोइंबतूर एक्सप्रेस पकडून दोन रात्री गाडीत काढायच्या. राष्ट्रीय स्पर्धांमध्ये दक्षिणेची नावं जास्त का दिसतात, हे कोडं आहे का? पाणी जिथे असतं तिथेच पोहणारे तयार होतात.

मला फॉर्म्युला 4 नकोय. शेकडो कोटींचा ट्रॅकही मागत नाही, कारण त्याची फाइल माझ्या नातवाच्या काळात हलेल. कुणी सुचवतं, नेवाळीची जुनी धावपट्टी आहे की. नको. दुसऱ्या महायुद्धात घेतलेली ती जमीन परत मिळावी म्हणून शेतकरी लढतायत, 2017 ला तिथे काय पेटलं होतं ते कल्याणकरांना आठवत असेल. कुणाच्या जखमेवर आम्हाला खेळायचं नाही.

मागणी अगदी लहान आहे. महिन्यातून एक रविवार, सकाळी सहा ते अकरा, एक बंदिस्त काँक्रीटची जागा. भिवंडीकडच्या गोदामांची भलीमोठी यार्डं रविवारी रिकामी पडलेली असतात. मालकाची तयारी, पोलिसांची परवानगी आणि भाडं, एवढं जमलं की झालं. जपानमध्ये पार्किंगच्या जागेत कोन मांडून बाइक जिमखाना चालतो. पहिल्या-दुसऱ्या गियरमध्ये, एकेकट्याने, घड्याळाविरुद्ध. वेग फारसा नसतो, पण ब्रेक, तोल आणि नजर यांची अशी परीक्षा होते की स्वतःला हिरो समजणारा पोरगा दहा मिनिटांत जमिनीवर येतो. माती चालणार असेल तर तेही जमतं. 2024 च्या जानेवारीत पुण्यात बालेवाडीच्या स्टेडियमवर माती आणून सुपरक्रॉस झालीच ना?

अटी कडक ठेवा. राष्ट्रीय फेडरेशनशी, म्हणजे एफएमएससीआयशी, संलग्न क्लबकडे आयोजन द्या. हेल्मेट, बूट, ग्लोव्हज, जॅकेट नसेल तर गेटवरूनच परत. लायसन्स नसेल तर परत. ॲम्ब्युलन्स आल्याशिवाय इंजिन सुरू नाही. विम्याचंही बघा: गाडीची नेहमीची पॉलिसी शर्यतीला लागू होत नाही, त्यामुळे त्या दिवसापुरता वेगळा अपघात विमा सक्तीचा करा. खर्च आम्ही वर्गणीतून उचलू. महापालिकेकडे एक रुपया मागत नाही. मागतोय ती सही.

यामुळे रस्त्यावरची धूम बंद होईल? सगळी नाही होणार. ज्याला फक्त सायलेन्सर फाडून लोकांच्या झोपा उडवायच्या आहेत त्याच्यासाठी पोलीसच बरे, त्याला अजिबात सोडू नका. पण दहांतल्या तीन-चार पोरांना खरंच गाडी चालवण्याची हौस असते. त्यांना आज सांगायला आपल्याकडे फक्त "नको" आहे. "इथे नको, तिथे ये" असं म्हणता आलं तर तो माझं ऐकेल. कारण सांगणारा काका स्वतः लेदर घालून, अकराव्या नंबरवर का होईना, पळून आलेला असेल.

खाडीकिनारी मार्ग सुरू व्हायच्या आत हे झालं पाहिजे. नंतर स्पीडब्रेकर, कॅमेरे आणि काळे-पांढरे बॅनर यांचीच चर्चा उरेल.

जिल्हाधिकारी आणि पोलीस आयुक्तांसाठी नवीन निवेदन तयार आहे. ठाणे, कळवा, भिवंडी, कल्याण, डोंबिवली, कुठलेही असा, सही करायची असेल तर मेसेज करा. बाइक चालवत नसाल तरी करा. ज्यांच्या घरात अठरा-वीस वर्षांचा पोरगा आणि दारात बाइक आहे, त्या आई-वडिलांच्या सह्या मला सगळ्यात जास्त हव्या आहेत. यार्डाच्या मालकांशी ओळख असेल तर तेही कळवा.

आणि "या वयात शोभतं का" विचारणाऱ्यांनो, पहिल्या रविवारी चहा प्यायला या. हेल्मेट घेऊन आलात तर कोनांमधून एक राउंडही मारायला लावतो.