तिकीट कुणाला?

माझ्या आत्याला ग्वाल्हेरला दिली, त्याला पन्नास वर्षं होऊन गेली. आम्ही मूळचे बेळगावचे, त्यातही शहापूरचे. सराफ गल्लीतल्या हातोड्यांची टकटक ऐकत ती मोठी झाली आणि लग्न होऊन गेली तीही लष्करात, सराफा बाजारापासून हाकेच्या अंतरावर. "नशिबात सोनं होतं गं, पण ते दुसऱ्यांच्या दुकानातलं," असं ती हसून सांगते.

२०२३ च्या दसऱ्याच्या सुट्टीत मी तिच्याकडे आठ दिवस राहून आले. तिच्या एका पाटलीचा जोड सुटला होता. "चल की गं माझ्याबरोबर, आतोबा काय दुकानात गेले की पाटली विसरतात आणि बोलतच बसतात," असं म्हणून तिनं मला सोबत घेतलं. आतोबा पुढं, आम्ही दोघी मागं, अशी आमची वरात महाराज बाड्यावरून सराफ्यात शिरली.

ज्यांनी ग्वाल्हेर पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी सांगते. वर किल्ला, त्याच्या पायथ्याशी जुनं ग्वाल्हेर आणि अलीकडं लष्कर. दौलतराव शिंद्यांच्या फौजेचा तळ इथं पडला आणि तळाचंच शहर झालं, म्हणून नाव लष्कर. बाड्यापासून निघणारा सराफा हा त्या लष्कराचा जुना बाजार. सराफाच्या दुकानात पांढरी गादी, लोड आणि तराजू असतो. गिऱ्हाईक नसेल तेव्हा त्या गादीवर चार जाणती माणसं असतात. दाग-दागिन्यांइतकीच तिथं माणसांचीही पारख चालते.

त्या दिवशी पारख चालली होती उमेदवारांची. मध्य प्रदेश विधानसभेचं मतदान १७ नोव्हेंबरला होणार होतं. भाजपची पहिली यादी ऑगस्टमध्येच, म्हणजे निवडणूक जाहीर व्हायच्या आधीच आली होती. सप्टेंबरच्या दुसऱ्या यादीनं तर सगळ्यांना बुचकळ्यात टाकलं होतं. केंद्रातले तीन मंत्री आणि त्यांच्यासह सात खासदार पक्षानं विधानसभेला उभे केले होते. नरेंद्रसिंह तोमरांसारखा माणूस दिमनीतून! आता ग्वाल्हेरातल्या काही जागांची यादी यायची होती आणि गादीवर एकच प्रश्न होता, "टिकट किसको?"

मला एकदम घरी असल्यासारखं वाटलं. आपल्याकडं तरी वेगळं काय? गणपत गल्लीत भाजी घेताना एका कानावर "तिकीट कुणाला?" पडतं आणि दुसऱ्या कानावर "टिकेट यारिग?" भाषा बदलते, प्रश्न तोच.

सेठजी म्हणाले, मोठी माणसं खाली आणलीत ती आजूबाजूच्या जागा ओढायला. एकजण म्हणाले, छे, मोठ्यांना दिल्लीतून दूर करायला. तिसऱ्यांचं म्हणणं, मुख्यमंत्री कोण ते झाकून ठेवायचं असेल तर चार-पाच दावेदार उभे केलेले बरे. जातीची गणितं झाली. महाराजांची माणसं किती आणि जुनी माणसं किती हेही मोजून झालं. महाराज म्हणजे ज्योतिरादित्य शिंदे. ते मार्च २०२० मध्ये काँग्रेस सोडून भाजपमध्ये आले, तेव्हापासून इथल्या प्रत्येक यादीत नवे आणि जुने असे दोन रकाने पडलेले आहेत. मी राज्यशास्त्र शिकवत नाही, पण आमच्या वर्गात इतका नेटका युक्तिवाद क्वचितच ऐकायला मिळतो.

या सगळ्यात आतोबा गादीच्या एका टोकाला गप्प होते आणि दुसऱ्या टोकाला त्यांच्याच वयाचे एक गृहस्थ, तेही गप्प. आत्यानं मला कोपरानं ढोसलं आणि हळूच कन्नडमध्ये सुरू केलं. ग्वाल्हेरच्या सराफ्यात तिची ही गुप्त भाषा. भाव जास्त वाटला तर "जास्ती आतु", नको असेल तर "ब्याड". त्या दिवशी मात्र ती सोन्याबद्दल बोलत नव्हती. ते गृहस्थ म्हणजे आतोबांचे चाळीस वर्षांचे मित्र. जनसंघाच्या पणतीच्या काळापासून दोघांनी एकत्र भिंती रंगवलेल्या. आणि आता पाच वर्षं एकमेकांशी अबोला!

कारण २०१८. त्या वर्षी ग्वाल्हेर दक्षिणमधून भाजपनं नारायणसिंह कुशवाह यांना पुन्हा उभं केलं. माजी महापौर समीक्षा गुप्ता यांना तिकीट हवं होतं. ते मिळालं नाही म्हणून त्या अपक्ष उभ्या राहिल्या आणि त्यांनी तीस हजारांच्या आसपास मतं घेतली. काँग्रेसचे प्रवीण पाठक निवडून आले, १२१ मतांनी! दोनशे तीसच्या सभागृहात त्या वेळी काँग्रेसला ११४ आणि भाजपला १०९ जागा मिळाल्या. पंधरा वर्षांचं सरकार गेलं. अशा वेळी एकेका जागेचा हिशेब लोक वर्षानुवर्षं मांडत बसतात. मित्र अपक्षाबरोबर गेले होते, आतोबा चिन्हाबरोबर राहिले. "तुझ्यामुळं गेलं" आणि "तुम्ही आमचं ऐकलं असतं तर गेलं नसतं", एवढ्या दोन वाक्यांवर चाळीस वर्षं मोडली.

तसं पाहिलं तर या शहराला घरातली फूट नवी नाही. १९८४ सालची गोष्ट आत्या अजून रंगवून सांगते. अटलबिहारी वाजपेयी ग्वाल्हेरचेच, इथं जन्मले, इथल्या व्हिक्टोरिया कॉलेजात शिकले, १९७१ मध्ये इथूनच खासदार झाले. ते १९८४ ला पुन्हा ग्वाल्हेरातून उभे राहिले आणि काँग्रेसनं अगदी शेवटच्या घटकेला गुण्याच्या माधवराव शिंद्यांचा अर्ज इथं भरला. राजमाता विजयाराजे भाजपच्या, मुलगा काँग्रेसचा. राजवाड्यातच ही स्थिती, तर आमच्या आत्याच्या दोन खोल्यांचं काय सांगावं? आतोबा दिवसभर अटलजींच्या प्रचारात. सासूबाई देवाजवळ बसून म्हणायच्या, "महाराज दारी आलेत, त्यांना नाही कसं म्हणू?" मतदानाला दोघं एकाच टांग्यातून गेले. पावणेदोन लाखांच्या आसपास मतांनी वाजपेयी हरले. त्या रात्री आतोबा जेवले नाहीत आणि ते जेवले नाहीत म्हणून सासूबाईही जेवल्या नाहीत. पण दुसऱ्या दिवशी दोघांनी एकाच पातेल्यातला चहा घेतला.

मग १९८४ ला जे जमलं ते २०१८ ला का जमू नये? मी आतोबांना घरी परतताना हे विचारलं. ते म्हणाले, "अगं, तेव्हा लढाई दोन पक्षांत होती. आईनं कुणाला मत दिलं ते मला कळत होतं आणि का दिलं तेही कळत होतं. इथं आमच्याच पक्षानं एकाला दिलं, दुसऱ्याला नाही दिलं, आणि का ते कुणीच सांगितलं नाही. मग ज्यानं त्यानं आपापलं कारण शोधलं. तेच लागलं."

हे मला अगदी पटलं. कारण आपल्याकडं तेच वर्ष तसं गेलं होतं. कर्नाटकात मार्च २०२३ च्या शेवटी भाजपनं जिल्ह्याजिल्ह्यात पदाधिकाऱ्यांचं चक्क मतदान घेतलं. उमेदवार कोण असावा त्याची पसंती लिहून पेटीत टाकायची. एप्रिलमध्ये १८९ नावांची पहिली यादी आली आणि तीत ५२ नवे चेहरे होते. अथणीत लक्ष्मण सवदींना तिकीट मिळालं नाही. ते काँग्रेसमध्ये गेले आणि मोठ्या फरकानं निवडून आले. हुबळीत जगदीश शेट्टरांना मिळालं नाही. तेही काँग्रेसमध्ये गेले आणि पडले. पेटीत कुणाला किती पसंती मिळाली, ते मात्र पेटीलाच ठाऊक.

अमेरिकेत याची पद्धत वेगळी आहे. तिथं पक्षाचा उमेदवार ठरवायला आधी एक निवडणूक होते, तिला प्रायमरी म्हणतात. साधा मतदार तीत मत देतो आणि कुणाला किती मिळाली ते सगळ्यांना दिसतं. २०१६ ला तिथल्या रिपब्लिकन पक्षात, म्हणजे परंपरावाद्यांच्या पक्षात, सतरा जण रिंगणात होते. पक्षातल्या कित्येक थोरांना ट्रम्प नको होते, पण मतदारांना हवे होते आणि तेच उमेदवार झाले. म्हणजे या पद्धतीनं शहाणाच निवडला जातो असं काही नाही. इंग्लंडच्या हुजूर पक्षाच्या सभासदांनी २०२२ मध्ये ऋषी सुनक यांना मागं ठेवून लिझ ट्रस यांना निवडलं आणि त्यांचं पंतप्रधानपद ४९ दिवसांत आटोपलं.

हा प्रयोग आपल्याकडंही झाला आहे, फक्त दुसऱ्या पक्षात. २०१४ च्या लोकसभेला काँग्रेसनं थोड्या मतदारसंघांत प्रायमरी घेतली. त्यात महाराष्ट्रातले लातूर आणि वर्धा होते, कर्नाटकातले मंगळूर आणि बेंगळूर उत्तर होते. मंगळुरात जनार्दन पुजारींनी वीरप्पा मोईलींच्या मुलाला हरवून उमेदवारी मिळवली. वर्ध्यात मात्र दत्ता मेघे यांचे चिरंजीव सागर मेघे निवडले गेले. पुढं निवडणुकीत या चारही जागा काँग्रेस हरली आणि प्रयोगाचं नाव कुणी काढलं नाही. पण त्या लाटेत प्रायमरी न घेतलेल्या जागाही गेल्याच होत्या. तेव्हा दोष प्रायमरीवर टाकणं हे पाऊस पडला म्हणून छत्रीला दोष देण्यासारखं झालं.

असो. ग्वाल्हेरकडं वळते. २१ ऑक्टोबरला ९२ नावांची यादी आली. ग्वाल्हेर पूर्वमध्ये ज्योतिरादित्यांच्या नात्यातल्या माया सिंह यांचं नाव निघालं. शिंद्यांबरोबर काँग्रेसमधून आलेले मुन्नालाल गोयल राहिले. दुसऱ्या दिवशी गोयल यांचे समर्थक जयविलास राजवाड्यावर धडकले, महाराजांच्या गाडीपुढं आडवे झाले. महाराज बाहेर येऊन त्यांच्याशी बोलले. आत्याच्या घरी टीव्हीवर हे पाहताना आतोबा एवढंच म्हणाले, "आता आणखी कुणाची तरी मैत्री तुटणार."

खंडेनवमीला आम्ही पाटली आणायला गेलो. गादीवर पुन्हा तीच मंडळी, पण सूर बदललेला. आपलं भाकीत कसं जवळजवळ बरोबर होतं, हे प्रत्येकजण सांगत होता. दक्षिणमध्ये पुन्हा कुशवाहच होते. कुणीतरी आतोबांच्या मित्राला डिवचलं, "इस बार किधर?" दुकान एकदम शांत झालं. सेठजींनी उगीचच तराजू पुसला. ते गृहस्थ बराच वेळ काही बोलले नाहीत. मग सेठजींच्या पोरानं आणलेल्या चहातला एक ग्लास त्यांनी उचलला आणि गादीवरून आतोबांच्या दिशेनं सरकवला. म्हणाले, "साखर कम है, तुम्हारे लिए ठीक है." आतोबांनी ग्लास उचलला. एवढंच झालं. राजकारणाचा एक शब्दही निघाला नाही. आत्या माझ्या कानात म्हणाली, "ऐद वर्षा!" पाच वर्षं!

सेठजींनी पाटली हातात देताना कसोटीचा काळा दगड दाखवला. आत्यानं मागितला नव्हता, पण जुन्या सराफाची ती रीत. दगडावर रेघ ओढायची आणि गिऱ्हाइकाला दाखवायची. कस किती लागला ते त्यानं स्वतःच्या डोळ्यांनी पाहावं. मग तो भाव मान्य करो वा न करो, सराफावर संशय धरत नाही.

पुढचं तुम्हाला ठाऊकच आहे. ३ डिसेंबरला निकाल लागला, भाजपला १६३ जागा मिळाल्या. दक्षिणमध्ये कुशवाह जिंकले, पूर्वमध्ये माया सिंह हरल्या. ११ डिसेंबरला मुख्यमंत्री म्हणून मोहन यादव यांचं नाव आलं, तेव्हा आत्याचा फोन आला. "अगं, अख्ख्या सराफ्यात हे नाव कुणीच घेतलं नव्हतं. दोघंही म्हातारे एकत्र बसून हसतायत." पुढं २०२४ ला ग्वाल्हेरच्या लोकसभेसाठी मावळते खासदार विवेक शेजवलकर यांच्याऐवजी भारतसिंह कुशवाह यांना तिकीट मिळालं. नोव्हेंबरातच ते विधानसभा हरले होते, पण लोकसभा जिंकले. विवेकरावांचे वडील नारायण कृष्ण शेजवलकर १९७७ आणि १९८० ला इथूनच निवडून आले होते. तेव्हा लष्करातल्या मराठी घरांना त्या यादीची हळहळ वाटली, पण दोघं म्हातारे त्या हळहळीतही एकत्रच होते.

त्याच वेळी इकडं बेळगावात हुबळीचे शेट्टर उमेदवार म्हणून आले. जानेवारीतच ते स्वगृही परतले होते. "बाहेरचा कशाला?" असं म्हणणारे आणि "पक्षानं दिला तो आपला" म्हणणारे, दोघंही मी एकाच घरात पाहिले, एक मराठीतून भांडत होता, दुसरा कन्नडमधून. शेट्टर निवडून आले. त्या घरातलं भांडण मिटलं की नाही, ते मी विचारलेलं नाही.

तिकीट कुणाला द्यावं हे सांगण्याचा अधिकार मला नाही आणि गादीवरच्या मंडळींनाही नाही. पण ज्यांनी भिंती रंगवल्या, चिठ्ठ्या लिहिल्या, त्यांना ते का दिलं एवढं तरी कळावं. मग पटो वा न पटो, भांडण यादीशी राहील, शेजारच्या माणसाशी नाही. सराफसुद्धा दगडावरची रेघ दाखवतो. पक्षांनी तेवढं करायला काय हरकत आहे?