जुन्या ट्रॅक्टरचे पाणी जाते कोठे?

गोठ्यातील बैलाने वैरणीस तोंड लावले नाही तर ते घरधन्याच्या त्याच दिवशी ध्यानात येते. ट्रॅक्टरच्या बाबतीत मात्र एवढी जागरूकता क्वचितच आढळते. रेडिएटरातील पाणी रोज उतरत असेल तर सकाळी कळशीभर पाणी ओतावयाचे व कामास निघावयाचे, हीच त्याची निगा, अशी समजूत गावोगावी रूढ झाली आहे. ‘जुने यंत्र आहे, पाणी पिणारच’ असे म्हणून मालक व चालक दोघेही निश्चिंत राहतात. वस्तुतः इंजिन पाणी पीत नाही. भरलेले पाणी इंजिनातून रेडिएटरात व रेडिएटरातून पुन्हा इंजिनात फिरत राहावे, अशीच त्याची रचना असते. ते कमी होते याचा अर्थ त्यास कोठेतरी वाट सापडली आहे. ती वाट शोधून काढल्यावाचून पाणी ओतीत राहणे ही दुरुस्ती नव्हे.

फरिदाबाद येथे १९५९ साली तयार होऊ लागलेल्या आयशर ट्रॅक्टरचे इंजिन हवेने थंड होणारे होते. त्यास रेडिएटरच नव्हता व म्हणून ही काळजीही नव्हती. परंतु शेतकऱ्यांच्या दारात आज उभे असलेले बहुतेक जुने ट्रॅक्टर पाण्याने थंड होणारे आहेत. डिझेल जळून निर्माण होणाऱ्या उष्णतेचा ढोबळमानाने एकतृतीयांश भाग हे पाणी वाहून नेते. पाणी अपुरे पडले की ती उष्णता सिलिंडरच्या डोक्यात, म्हणजे हेडमध्ये, साचते. हेड वाकते, गॅस्केट जळते आणि प्रसंगी पिस्टन अडकून इंजिन जागीच बंद पडते. हे संकट बहुधा अवजड कामाच्या वेळी, म्हणजे वैशाखातील नांगरटीत किंवा पेरणीचा वापसा आला असता ओढवते. त्या वेळी फिटर मिळत नाही, भाड्याचा ट्रॅक्टर मिळत नाही आणि वापसा तर कोणासाठीही थांबत नाही.

रोज पाणी ओतण्यात आणखी एक तोटा आहे व त्याकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. आंघोळीचे पाणी तापविण्याच्या बंबात विहिरीच्या जड पाण्याने कसा थर धरतो, हे प्रत्येक गृहिणीस ठाऊक आहे. तोच थर इंजिनाच्या पोटात धरतो. समजा, एका लिटरात अर्धा ग्रॅम क्षार असलेले बोअरचे पाणी रोज एक लिटर घातले, तर २०० दिवसांत १०० ग्रॅम क्षार आत गेले. ते सर्वच चिकटतात असे नाही. गळतीबरोबर काही बाहेरही पडतात. तथापि पाणी वाफ होऊन जात असेल तर क्षार मागेच राहतात. थर जाड झाला की धातूची उष्णता पाण्यापर्यंत पोहोचत नाही, इंजिन अधिक तापते, वाफ अधिक होते व पाणी अधिक लागते. या फेऱ्यातून सुटण्याचा मार्ग एकच. तो म्हणजे गळती बंद करणे.

शोधाचा आरंभ पान्ह्याने नव्हे, वहीने करावा. पाणी किती दिवसांनी व किती घातले, हे चालकाने आठवडाभर लिहून ठेवावे. पुष्कळदा असे दिसून येते की गळती मुळीच नसते. पाणी तापले की फुगते. त्यासाठी रेडिएटरात वरच्या बाजूस थोडी जागा मोकळी ठेवावी लागते. बाजूस वेगळी बाटली नसलेल्या जुन्या ट्रॅक्टरात कोणी काठोकाठ पाणी भरले, तर जादा पाणी नळीवाटे बाहेर पडते व दुसऱ्या दिवशी पातळी तेवढीच उतरलेली दिसते. चालक ती पुन्हा काठापर्यंत भरतो! अशा ठिकाणी एक-दोन दिवस पाणी न भरता पातळीवर नजर ठेवावी. ती आतील नळ्यांच्या वर एका जागी स्थिरावली तर चिंतेचे कारण नाही.

पातळी खाली जातच राहिली तर प्रथम बाहेरून पाहावे. ही पाहणी सकाळी, इंजिन थंड असताना करणे इष्ट होय; कारण तापलेल्या इंजिनावर पडलेला थेंब जमिनीवर पोहोचण्यापूर्वीच वाळतो. थेंब दिसला नाही तरी त्याचा पांढरा, अथवा रंगीत कूलंट घातले असल्यास त्या रंगाचा, डाग मागे राहतो. होज पाइपांच्या क्लिपा, रेडिएटरच्या खालचा नळ, जाळीचे डाखलेले सांधे आणि इंजिनाच्या ठोकळ्यात ठोकून बसविलेल्या पातळ चकत्यांच्या कडा या जागा हाताने चाचपून पाहाव्यात. पाण्याच्या पंपाखाली एक बारीक छिद्र असते. तेथून पाणी ठिबकू लागले तर पंपाचे आतील सील गेले असे समजावे. काही हुशार मंडळी ते छिद्रच बुजवून टाकतात. मग तेच पाणी पंपाच्या बेअरिंगमध्ये शिरते व सीलबरोबर पंपही बदलावा लागतो.

रेडिएटरचे झाकण हा सर्वांत उपेक्षित भाग आहे. ते केवळ भांड्यावरील झाकण नव्हे. त्यात स्प्रिंग व रबरी चकती असून आत दाब राखणे हे त्याचे काम आहे. देशावर सुमारे ५५० मीटर उंचीच्या गावी उघड्या भांड्यातील पाणी ९८ अंश सेल्सियसच्या आसपासच उकळते. झाकणाने दर चौरस सेंटिमीटरला अर्धा किलोग्रॅम दाब राखला तर उकळण्याचे तापमान दहा-बारा अंशांनी वाढते. हेच अंश नांगरटीच्या वेळी इंजिनास वाचवितात. चकती चिरलेली असेल, किंवा हरवलेल्या झाकणाच्या जागी चिंध्यांचा बोळा बसविला असेल, तर कोठेही छिद्र नसताना पाणी वाफ होऊन जाते. म्हणून बाहेर गळती न दिसल्यास, इंजिन खोलण्याच्या गोष्टी करण्यापूर्वी, त्याच दाबाचे नवे झाकण बसवून पाहावे. त्यास इंजिनाच्या दुरुस्तीच्या मानाने नगण्य खर्च येतो. रेडिएटरच्या जाळीत भुसा व धूळ अडकली असेल तर तीही याच वेळी साफ करावी.

एवढे करूनही पाणी जात असेल तर ते इंजिनाच्या आत जात आहे, असे मानून चालावे. थंड इंजिनात पाणी काठापर्यंत भरून, पंख्याचा पट्टा काढून ठेवून व झाकण उघडे ठेवून, मिनिटभर इंजिन चालवावे. पाण्यातून एकसारखे बुडबुडे येत राहिले तर हेड गॅस्केट फुटल्याचा किंवा हेडला तडा गेल्याचा दाट संशय घ्यावा. इंजिन तापल्यानंतरही धूर पांढरा येत असेल तर त्या संशयास पुष्टी मिळते. काही इंजिनांत लायनरच्या भोवती प्रत्यक्ष पाणी खेळते व खाली रबरी कड्या असतात. त्या कड्या झिजल्या की पाणी तेलाच्या चेंबरमध्ये उतरते. डिपस्टिकवर तेलाची पातळी वाढलेली दिसणे व तेल ताकासारखे पांढुरके होणे ही त्याची खूण होय. रात्रभर ट्रॅक्टर उभा ठेवून सकाळी चेंबरचा बोल्ट किंचित सैल करावा. पाणी तेलापेक्षा जड असल्याने आधी पाणीच येईल. असे आढळल्यास ट्रॅक्टर एक फर्लांगही चालवू नये, कारण पाणी मिसळलेल्या तेलावर बेअरिंगा फार काळ टिकत नाहीत. हिवाळ्यात तेल भरण्याच्या झाकणाखाली थोडा पांढरा फेस दिसतो, तो मात्र बहुधा बाष्पाचा असतो; तेवढ्यावरून घाबरून जाण्याचे कारण नाही.

आतील दुरुस्ती जाणत्या फिटरकडूनच करून घ्यावी. परंतु ती कशी होत आहे हे मालकाने उभे राहून पाहावे. हेड सपाट आहे किंवा नाही हे पट्टीने तपासल्यावाचून नवे गॅस्केट घालणे व्यर्थ आहे. वाकलेल्या हेडखाली दोन गॅस्केटे घालण्याची युक्ती तर त्याहून वाईट. नट मध्यापासून बाहेरच्या बाजूस, पुस्तिकेत दिलेल्या क्रमाने व मापाने आवळावयाचे असतात.

हळद, डाळीचे पीठ अथवा बाजारातील भुकटी रेडिएटरात घालून गळती बुजविण्याचा प्रघात आहे. अडल्या वेळी घरी पोहोचण्यापुरता त्याचा उपयोग होतो हे नाकारता येत नाही. परंतु ती हळद छिद्र कोणते व नळी कोणती हे ओळखीत नाही. ती बारीक नळ्याही बुजविते. थर्मोस्टॅट काढून टाकण्याचेही तसेच. सुमारे ८० अंशांस उघडणारी ही झडप नसली की इंजिन वेळेवर तापत नाही, डिझेल नीट जळत नाही व झीज वाढते. पाण्याची गळती मात्र होती तशीच राहते.

तापमानाच्या काट्यावर सर्वस्वी विसंबणेही योग्य नव्हे. पाणी त्याच्या टोकाखाली गेले की काटा इंजिनाची खरी स्थिती दाखवीत नाही. तापलेल्या रेडिएटरचे झाकण उघडल्याने चालकाचे तोंड व हात भाजतात. हा चालक बहुधा रोजंदारीवरचा असतो आणि ‘लवकर पाणी घाल, तास अर्धवट राहिले आहे’ असा मालकाचा तगादा त्याच्या मागे असतो. इंजिन बंद करून ते हातास सोसेल इतके निवेपर्यंत झाकणास हात लावू नये, व तापलेल्या इंजिनात गार पाणी ओतू नये. त्याने हेडला तडा जातो. एवढा अर्धा-पाऊण तास देण्यास मालकाची तयारी नसेल तर दोष चालकाचा मानता येणार नाही.

कृषी यांत्रिकीकरणाचे उपअभियान २०१४-१५ मध्ये सुरू झाले, तेव्हापासून नवी यंत्रे व अवजारे शेतकऱ्यांपर्यंत नेण्यावर मोठा भर राहिला आहे. दारात असलेले यंत्र टिकविण्याच्या शिक्षणास तेवढे महत्त्व मिळाले नाही. मध्य प्रदेशातील बुदनी येथे ट्रॅक्टर प्रशिक्षणाचे केंद्र १९५५ साली निघाले, यावरून ही गरज किती जुनी आहे ते दिसते. तेथवर प्रत्येक चालक जाऊ शकत नाही. परंतु वर सांगितलेल्या परीक्षांपैकी बहुतेकांना वही, काठी व दोन पाने यांपलीकडे काहीच लागत नाही. गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी उन्हाळी नांगरटीपूर्वी एका सकाळी गावातील ट्रॅक्टर एकत्र आणून ही पाहणी चालकांच्याच हातून करवून घ्यावी. अवजार बँक चालविणाऱ्या गटांनी डिझेलच्या नोंदीशेजारी पाण्याचा एक रकाना आखावा.

गळती थांबल्यावर रेडिएटर धुऊन घ्यावा व पुस्तिकेत सांगितलेल्या प्रमाणात कूलंट आणि बॅटरीत घालतात तसले शुद्ध पाणी भरावे. ते न मिळाल्यास पहिल्या एक-दोन सरी जाऊ देऊन पागोळ्यांचे स्वच्छ पाणी साठवून गाळून वापरावे; बोअरच्या पाण्यापेक्षा ते कितीतरी चांगले. काढलेले जुने कूलंट मात्र बादलीत भरून गोठ्याजवळ ठेवू नये. त्याची चव गोड असल्याने कुत्री व जनावरे ते पितात, आणि ते विषारी असते.