पेटीला चार कुलपं लावा!



दर ३१ ऑक्टोबरच्या सुमारास आमच्या मंडळीत ल्यूथरची गोष्ट होते. १५१७ साल, विटेनबर्ग, पंच्याण्णव मुद्दे, पोपच्या पापक्षमेच्या बाजाराला लाथ. पाळकसाहेब रंगात येतात. आम्ही आमेन म्हणतो. मग दानपेटी फिरते. ती कुठे जाते, कोण मोजतं, कुठल्या वहीत चढते, हे विचारायचं नाही. पाचशे वर्षांपूर्वीच्या पोपला शिव्या चालतात, जळगावातल्याला नाही.

गेल्या वार्षिक सभेत मी उभा राहिलो. एवढंच विचारलं, हायवेकडची जागा गोदामाला दिली, तिचं भाडं किती येतं? पाळक म्हणाले, ‘अभिषिक्ताला जाब विचारतोस?’ पंचकमिटीने माना खाली घातल्या. बापाने माझा सदरा ओढला. ‘बस खाले, भाऊ. पाळकना सामने बोलानं नही.’

बाप भित्रा नाही. त्याला आईची माती आठवली. आई गेली तेव्हा वर्गणी थकली होती आणि पाळकाच्या चिठ्ठीशिवाय कबर खणत नाहीत. मामा धुळ्याहून एसटीने आले, त्यांनी खिशातून थकबाकी भरली, तेव्हा कुदळ लागली. तोवर आई दारात पडून होती. बापाला आता स्वतःच्या साडेतीन हातांची काळजी आहे.

मंडळीचं नाव छापत नाही. भांडण एका पाळकाशी नाही, पद्धतीशी आहे. बाप्तिस्म्याचं रजिस्टर, लग्नाचं रजिस्टर, दफनभूमी आणि पेटी, चारही एकाच माणसाच्या हातात. गावात पाटलाच्या हाती तरी याहून काय जास्त होतं?

म्हणून मी ल्यूथरच काढून वाचला. पाळक १५१७ सांगतात, १५२३ गिळतात. त्या साली सॅक्सनीतल्या लाइस्निग गावच्या लोकांसाठी ल्यूथरने लिहिलं की शिकवण तपासायचा, पाळक नेमायचा आणि काढायचा हक्क मंडळीचा आहे. त्याच गावाने सामाईक पेटी केली. कारभारी दहा, दरवर्षी निवडायचे: दोन सरदार, दोन नगरसभेचे, तीन शहरवासी, तीन शेतकरी. पेटीला चार कुलपं, चार किल्ल्या, चार गटांकडे. एकट्याने उघडायची सोयच नाही. वर्षाला सगळ्यांसमोर हिशेबवाचन. या व्यवस्थेला ल्यूथरने प्रस्तावना लिहून पाठिंबा दिला.

आता ल्यूथरला डोक्यावर घेऊ नका. १५२५ साली शेतकरी उठले तेव्हा हाच माणूस राजांच्या बाजूने गेला आणि त्यांना चिरडा म्हणाला. त्याच्या नावाने आलेल्या लाइपझिग मिशनने एकोणिसाव्या शतकात तमिळ मुलखात जात चालवून घेतली. देव एक, पण बसायच्या जागा वेगळ्या! तेव्हा ल्यूथरचा फोटो नको, कुलपं तेवढी घ्या.

तुमच्यातले काही म्हणतील, हे ख्रिस्त्यांचं घरगुती भांडण, आमचा काय संबंध? ऐका. पँथरच्या १९७३ च्या जाहीरनाम्याने दलिताची व्याख्या केली तेव्हा धर्माच्या नावाने नाडलेलाही तिच्यात धरला. माझा बाप त्यात बसतो. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशात तो बसत नाही. त्या आदेशाने अनुसूचित जात हिंदूंपुरती ठेवली, १९५६ साली शीख आत आले, १९९० साली बौद्ध. ख्रिस्ती आणि मुसलमान दलित बाहेरच. २००७ साली रंगनाथ मिश्र आयोगाने ही अट काढा म्हटलं, ती निघाली नाही. गावकुसाबाहेर आम्ही महार-मांगच, कचेरीत मात्र जात नाही. दाखला नाही म्हणून मिशनच्या शाळेतल्या शिपायाच्या नोकरीसाठी पाळकाच्या दारात उभं राहायचं. पाळकाची सत्ता अशी सरकारनेच पोसली आहे.

धर्मांतरानंतरही जात चर्चमध्ये टिकली, हे बाबासाहेबांनी लिहून ठेवलं. अरविंद निर्मळ या मराठी माणसाने १९८१ साली बंगळूरला शूद्र थिऑलॉजी मांडली, पुढे मद्रासच्या गुरुकुल ल्यूथरन कॉलेजात दलित थिऑलॉजी उभी केली. आमच्या पुलपिटवर त्यांचं नाव मी एकदाही ऐकलं नाही.

आणि तुमच्या विहाराच्या ट्रस्टचं काय? वसतिगृहाचं? जयंतीच्या वर्गणीचं? तिथं किल्ल्या कोणाकडे आहेत, एकदा बघा.

रडायला मी हा लेख लिहीत नाही. १९५० चा सार्वजनिक विश्वस्त कायदा हातात घ्या. धर्मादाय कार्यालयातून ट्रस्टच्या नोंदीचा उतारा काढा, मग कळेल कागदावर विश्वस्त कोण आणि जागा किती. कारभारी बदलले तर कलम २२ खाली फेरफार अर्ज द्यावा लागतो, तो दिलाय का बघा. जागा विकायला, किंवा बिनशेती जागा तीन वर्षांवर भाड्याने द्यायला, कलम ३६ खाली आधी मंजुरी लागते. हिशेब तपासणी सक्तीची आहे. विश्वस्त काढायचा अर्ज कलम ४१-ड खाली हितसंबंध असलेला माणूस करू शकतो. वर्गणी देणारा आणि आई तिथे पुरलेला माणूस हितसंबंधी नाही, तर कोण?

उतारा मी मागितलाय. अर्जावर दुसरी सही कोणाची, असं पाळकांनी विचारलं. बापाची आहे.

पुढच्या सभेत आम्ही दोघे उभे राहणार. तुम्हीही या. येताना कुलपं आणा.