वाळू गेली, गाळ उरला

खाडीतला गाळ काढा, ही मागणी ठाणे, कल्याण आणि डोंबिवलीत पावसाळ्याच्या तोंडावर जोर धरते आणि पहिल्या मोठ्या पुरानंतर संतापाने पुन्हा केली जाते. ती रास्त आहे. ज्याच्या घरात कमरेएवढे पाणी शिरून धान्य, गाद्या, मुलांची पुस्तके वाहून गेली, त्याला धीर धरायला सांगण्याचा अधिकार कोणालाच नाही. पण खाडीत ड्रेजर उतरवण्यापूर्वी एका गोष्टीची नोंद घ्यायला हवी. या खाडीचा तळ उपसण्याचे काम गेली अनेक वर्षे चालूच आहे. रात्रीच्या अंधारात, सक्शन पंप लावून, बार्ज भरभरून ते चालते. त्यात निघाली ती रेती आणि मागे राहिला तो गाळ. जी वस्तू विकली जाते ती गेली, जी कोणालाच नको ती साचत राहिली. उपसा म्हणजे खाडीचे पुनरुज्जीवन हे समीकरण त्यामुळेच आम्हाला मान्य नाही.

राजमाचीच्या डोंगरात उगम पावणारी उल्हास नदी कर्जत, नेरळ, बदलापूर करत कल्याणला येते. टिटवाळ्याकडून काळू तिला मिळते, अंबरनाथ-उल्हासनगरची घाण घेऊन वालधुनी मिळते आणि दुर्गाडी किल्ल्याच्या पायथ्याशी तिची खाडी होते. डोंबिवली, मुंब्रा ओलांडून ठाण्यापाशी तिला दोन वाटा फुटतात. मुख्य प्रवाह घोडबंदरवरून वसईच्या खाडीला जातो, दुसरी अरुंद वाट कळव्यावरून दक्षिणेला ठाण्याच्या खाडीत उतरते. १६५७ मध्ये कल्याण-भिवंडी स्वराज्यात आल्यावर शिवाजी महाराजांनी आरमाराची जुळवाजुळव याच काठी सुरू केली. नौदलातून निवृत्त झालेली टी-८० ही नौका आज दुर्गाडीजवळ आणून ठेवली आहे. तिच्यासमोरच्या पाण्यात आरमाराचा पाया घातला गेला, आणि आज त्या पाण्यात ओहोटीला लहान होडी हाकणेही कठीण झाले आहे.

मुंब्रा, कल्याण, डोंबिवलीचे मोठागाव या साऱ्या ठिकाणी रेतीबंदर आहे, यावरूनच इथला जुना धंदा कळतो. आगरी-कोळी माणसे डुबी मारून, हातपाटीने रेती काढत. माणसाच्या दमाला मर्यादा असते, म्हणून त्या उपशालाही मर्यादा होती, आणि भरती-ओहोटी व पावसाळ्यातले लोंढे ती तूट भरून काढत. किनारपट्टी नियमन कायद्यानेही हे ओळखले. खाडीतल्या रेतीचे खाणकाम त्याने बंद केले आणि नौकानयनाचा मार्ग मोकळा करण्यापुरती, पारंपरिक लोकांना हाताने रेती काढण्यापुरती वाट ठेवली. सक्शन पंपाने ही सारी चौकट मोडली. पंप एका जागी तळ खणत जातो आणि तिथे खोल खड्डा पडतो. मग आजूबाजूची रेती त्या खड्ड्यात ओढली जाते, काठ खालून पोकळ होतो आणि एखाद्या उधाणाला मुळांसकट तिवरे घेऊन पाण्यात कोसळतो. मुंब्रा ते दिवा या टापूत रेल्वेमार्ग खाडीला चिकटून जातो आणि पूल व भराव यांना या उपशाने निर्माण होणाऱ्या धोक्याची चर्चा वारंवार झाली आहे. १८५४ मध्ये ठाण्याची खाडी ओलांडून रेल्वे कल्याणला पोचली, तेव्हापासून हा मार्ग लाखो माणसांचा पोशिंदा आहे.

मुंबई उच्च न्यायालयाने २०१० मध्ये वाळू उपशाला लगाम घातला. महसूल खात्याची पथके आजही छापे घालतात, पंप बुडवतात, बार्ज कापून काढतात. ही पथके जीव धोक्यात घालून काम करतात, त्यांच्याविषयी आम्हाला आदर आहे. पण छापा पडतो ती रात्र एक आणि उपसा होतो त्या रात्री अनेक. वाळूची मागणी तशीच असेपर्यंत हे थांबणार नाही. राज्याने २०२३ मध्ये सरकारी डेपोतून ६०० रुपये ब्रासने वाळू देण्याचे धोरण आणले, दोन वर्षांत ते बदलून राज्य पुन्हा लिलावाकडे वळले. ठाणे-कल्याण पट्ट्यात टॉवरमागून टॉवर उभे राहतात, त्यांत कोणती वाळू पडते याची पावती बांधकाम परवानगीच्या टप्प्यावरच का मागितली जात नाही? भोगवटा प्रमाणपत्र देताना महापालिका पाण्याची, अग्निशमनाची कागदपत्रे तपासते. वाळूचीही तपासावी.

आता गाळाकडे वळू, कारण खरा घोळ तिथे आहे. खाडी स्वतःचा तळ स्वतः साफ ठेवते. भरतीचे पाणी मुख्य पात्रातून आत शिरते, खाजणांत, तिवरांत, चिखलाच्या सपाट पट्ट्यांवर पसरते आणि ओहोटीला ते सारे एका अरुंद पात्रातून वेगाने बाहेर पडते. हा परतीचा जोरच गाळ समुद्राकडे लोटतो. खाजणांत जितके जास्त पाणी मावेल तितका ओहोटीचा जोर जास्त. कळवा, खारेगाव, मुंब्रा, दिवा, डोंबिवली पश्चिम इथली खाजणे राडारोडा टाकून भरली गेली, त्यांवर चाळी उभ्या राहिल्या, पुढे इमारती आल्या. दर भरलेल्या एकरामागे भरतीचे तेवढे पाणी आत यायचे थांबले आणि ओहोटीचा तेवढा जोर कमी झाला. वेग मंदावला की गाळ जागेवर बसतो. कल्याणात तर आधारवाडीचा कचऱ्याचा डोंगर वर्षानुवर्षे खाडीच्या काठावरच वाढू दिला गेला आणि २०२१ मध्ये तो बंद झाला. त्यात वरून येणारे सांडपाणी आणि डोंगर उघडे पडल्यामुळे धुऊन येणारी माती. अशा खाडीत पात्राचा मधला भाग ड्रेजरने खोल केला तर पुढच्या एक-दोन पावसाळ्यांत तो पुन्हा भरतो. खाजणे तशीच बुजलेली ठेवून केलेला उपसा म्हणजे ठेकेदाराला दर वर्षी नव्याने द्यायचे काम.

पुराच्या बाबतीतही नेमके बोलायला हवे. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझ वेधशाळेत २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला आणि त्याच दिवसांत उल्हासच्या पुराने कल्याण-बदलापूर पट्टा बुडाला. २७ जुलै २०१९ ला वांगणीजवळ महालक्ष्मी एक्स्प्रेस पुराच्या पाण्यात अडकली आणि सुमारे हजार प्रवाशांना बोटींनी बाहेर काढावे लागले. भरतीची हद्द कल्याणच्या आसपास संपते. वांगणी, बदलापूरचा पूर ठाण्यात ड्रेजर लावून ओसरणार नाही, त्याचे उत्तर नदीची पूररेषा पाळण्यात आहे. उलट कल्याणचे रेतीबंदर, डोंबिवलीचा खाडीकाठ, दिवा आणि कळवा इथे प्रश्न वेगळा आहे. वरून पुराचे पाणी येत असतानाच खालून उधाणाची भरती चढते आणि दोन्ही पाण्यांना पसरायला जागा उरत नाही. त्यात आता चक्रीवादळांची भर पडली आहे. जून २०२० मध्ये ‘निसर्ग’ने रायगड-रत्नागिरीचा किनारा झोडपला, पुढच्याच मे महिन्यात ‘तौक्ते’ मुंबईसमोरून गेले. असे एखादे वादळ उधाणाच्या भरतीशी जुळले, तर खाडीत पाणी किती चढेल आणि कुठल्या वस्त्या आधी रिकाम्या कराव्या लागतील, याचा नकाशा प्रत्येक वॉर्ड ऑफिसच्या भिंतीवर असायला हवा.

आणि हा गाळ म्हणजे निव्वळ माती नव्हे. डोंबिवलीच्या औद्योगिक वसाहतीतून, अंबरनाथ-उल्हासनगरातून, ठाणे-बेलापूर पट्ट्यातून काही दशके जे वाहत आले ते तळाशी बसले आहे. ठाणे खाडीच्या गाळात शिसे, पारा, कॅडमियम यांसारखे जड धातू असल्याचे संशोधकांनी अनेकदा दाखवले आहे. तळाचा प्राणवायू नसलेला काळा रेंदा ढवळला की तो पाण्यातला प्राणवायू शोषून घेतो, बांधलेले विषारी घटक मोकळे होतात आणि मासळी मरते. तो काढून कुठे टाकणार? काठावरच्या तिवरांवर टाकला तर एक घाव भरताना दुसरा केला असे होईल. शेतात किंवा भरावात टाकला तर विष वस्तीत येईल. गाळाची तपासणी न करता निघालेली कोणतीही निविदा नागरिकांनी स्वीकारू नये.

जलवाहतुकीला आमचा मनापासून पाठिंबा आहे. २०१६ च्या कायद्याने कल्याण-ठाणे-मुंबई हा राष्ट्रीय जलमार्ग क्रमांक ५३ म्हणून जाहीर झाला, त्याची लांबी १४५ किलोमीटर. कोलशेत, काल्हेर, डोंबिवली इथल्या जेट्टींच्या योजना बऱ्याच काळापासून चर्चेत आहेत. वसई-भाईंदर रो-रो सेवा २०२४ मध्ये सुरूही झाली. ९ जून २०२५ च्या सकाळी मुंब्र्याजवळ भरगच्च लोकलमधून पडून प्रवासी मृत्युमुखी पडले, तेव्हा त्या रुळांपासून हाकेच्या अंतरावर ही खाडी रिकामी वाहत होती. बोटींसाठी पात्राचा मधला पट्टा खोल करावा लागेल, तो करावा. पण तो पट्टा किती रुंद, किती खोल, तिथली रेती कोणाच्या मालकीची आणि तिच्या विक्रीचा पैसा कुठे जाणार, हे आधी जाहीर करावे. नौकानयनाच्या नावाखाली रेतीचा धंदा चालवण्याचा प्रकार कोकणच्या खाड्यांनी पुरेसा पाहिला आहे. आमच्या मते तो पैसा काठाच्या डागडुजीसाठीच राखून ठेवला पाहिजे.

उपशाने पाणथळ जिवंत होऊ शकते, याचे उत्तम भारतीय उदाहरण ओडिशात आहे. चिलिका सरोवराचे समुद्राकडचे मुख वाळूने बुजत आणि सरकत गेले, खारेपणा घटला, पाणवनस्पती माजल्या, मासेमारी बसली. १९९३ मध्ये रामसर कराराच्या धोक्यातील पाणथळींच्या यादीत त्याचे नाव गेले. १९९१ मध्येच स्थापन झालेल्या चिलिका विकास प्राधिकरणाने घाई केली नाही. पाण्याच्या प्रवाहांचा अभ्यास झाला, त्यात पुण्याजवळच्या खडकवासल्याच्या केंद्रीय जल व विद्युत संशोधन केंद्राचा वाटा होता. सप्टेंबर २००० मध्ये नवे मुख उघडले गेले आणि समुद्राशी जोडणारी वाट १८ किलोमीटरने कमी झाली. त्यासोबत पाणलोट क्षेत्रात माती अडवण्याचे काम झाले, मच्छीमारांना सोबत घेतले गेले. मासळी काही पटींनी वाढली आणि २००२ मध्ये चिलिका त्या यादीतून बाहेर आले. पुदुच्चेरीत बंदराच्या बांधांनी वाळूचा किनाऱ्यालगतचा प्रवास अडवला आणि शहराचा किनारा वाहून गेला. तिथेही २०१८ मध्ये पाण्याखालचा बांध आणि बंदराच्या मुखाशी साचलेली वाळू यांचा एकत्र विचार केल्यावरच पुळण परत दिसू लागली. दोन्हीकडे आधी वाळू कुठून येते आणि कुठे जाते हे शोधले गेले. ज्या संस्थेने ओडिशाला मदत केली ती आपल्याच राज्यात, १९१६ पासून काम करते आहे. ठाणे-कल्याणच्या खाडीचे संपूर्ण प्रतिरूप तिच्याकडून करून घ्यायला कसली अडचण आहे?

अडचण आहे ती मालकीची. पाण्याखालची रेती महसूल खात्याची, नौकामार्ग सागरी मंडळाचा, तिवरे वनविभागाच्या कांदळवन कक्षाची, सांडपाणी महापालिकांचे, त्याची तपासणी प्रदूषण नियंत्रण मंडळाची. आणि महापालिका तरी एक कुठे आहे? कल्याण-डोंबिवली, ठाणे, भिवंडी, उल्हासनगर, मीरा-भाईंदर, नवी मुंबई, मुंबई अशा सगळ्यांचे पाणी याच खाडीजाळ्यात येते. डोंबिवलीत सोडलेले सांडपाणी ठाण्याच्या हद्दीत थांबत नाही. ठाणे खाडीतले १,६९० हेक्टरचे फ्लेमिंगो अभयारण्य २०१५ मध्ये जाहीर झाले, २०२२ मध्ये ती खाडी रामसर स्थळ झाली. उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये तिवरांच्या नाशाला जगण्याच्या मूलभूत हक्काचा भंग ठरवले. कायद्याचे छत्र आहे, पण ते दक्षिणेकडच्या फ्लेमिंगोंपर्यंत पोचते आणि उत्तरेकडच्या मोठागावच्या काठाला क्वचितच. हे पाणी एक आहे, म्हणून त्यासाठी प्राधिकरणही एकच हवे, चिलिकासारखे, कायद्याने अधिकार दिलेले आणि हिशेब लोकांपुढे मांडणारे.

त्या प्राधिकरणात चेंदणी, कळवा, विटावा, मोठागाव, कोपर इथल्या कोळी-आगरी माणसांना मतासह जागा हवी, केवळ उद्घाटनाच्या दिवशी खुर्ची नको. पाग टाकताना तळ किती वर आला, जिताडा कधीपासून दुर्मिळ झाला, निवट्या आणि चिंबोऱ्या कोणत्या खाजणातून नाहीशा झाल्या, हे त्यांना ठाऊक आहे आणि कोणत्याही सल्लागाराच्या अहवालात ते आलेले नाही. ठाण्यात, मुंब्र्यात, कल्याणात खाडीकाठी चौपाट्या झाल्या, होत आहेत. संध्याकाळी मुलांना घेऊन बसायला जागा मिळते याचा आनंद आहे. पण भरावाच्या भिंतीने काठ सरळ करून केलेली चौपाटी खाडीचे आणखी पाणी हिरावते. जिथे जागा आहे तिथे भिंतीऐवजी तिवरांचा उतार ठेवावा आणि फिरण्याची वाट त्याच्या मागून न्यावी.

सुरुवात पाऊस संपताच करता येईल. दुर्गाडीपासून गायमुखपर्यंत आणि कळव्यापासून वाशीपर्यंत दर काही अंतरावर खाडीची खोली मोजावी, तळाच्या गाळाचे नमुने घ्यावेत आणि निकाल मराठीत, सर्वांना दिसेल असा जाहीर करावा. बुजवलेल्या खाजणांपैकी अजून बांधकाम न झालेल्या जागा जिल्हाधिकाऱ्यांनी नकाशावर दाखवाव्यात आणि तिथला राडारोडा उचलून भरतीला आत येऊ द्यावे. सक्शन पंपाच्या प्रत्येक प्रकरणात बार्जवरच्या मजुरावर गुन्हा नोंदवून न थांबता ती रेती ज्या बांधकामावर उतरणार होती तिथपर्यंत तपास न्यावा. ड्रेजरची निविदा या कामांनंतर काढावी.