लपायचंही, ओळखूही यायचं!

जत्रेतल्या दुकानापासून शहरातल्या मॉलपर्यंत कुठंही जा, हिरव्या-तपकिरी चट्ट्यापट्ट्यांचे कपडे हमखास टांगलेले दिसतात. पोरांना तर त्यांचं भारी वेड. ‘मिलिटरी कपडा’ म्हणून तो मागितला जातो आणि त्याच नावानं विकलाही जातो. प्रत्यक्षात सगळ्या जगाचा मिळून असा एकच मिलिटरी कपडा नाही. देश बदलला की नक्षी बदलते. का बदलते, याची गोष्ट मोठी रंजक आहे आणि थोडी रक्तानं माखलेलीही.

सैनिकानं लपावं, ही कल्पनाच तशी अलीकडची. रणांगणावरच्या धुरात आपली माणसं आपल्याला दिसावीत म्हणून पूर्वीचे गणवेश मुद्दाम भडक असत. इंग्रजांचे लाल कोट त्यातलेच. ही रीत मोडली ती हिंदुस्थानच्या वायव्य सरहद्दीवर. १८४६ मध्ये हॅरी लम्सडेन या अधिकाऱ्यानं पेशावरला ‘कोअर ऑफ गाइड्स’ ही पलटण उभी केली आणि लवकरच तिला मातकट रंगाचे कपडे चढवले. ‘खाक’ म्हणजे धूळ, त्यावरून आली खाकी. आज पोलिसाचा रंग म्हणून ओळखली जाणारी खाकी जन्मली ती धुळीत मिसळून जाण्यासाठी!

भडक रंगाचा हट्ट फ्रान्सनं मात्र सोडला नाही. लांब पल्ल्याच्या बंदुका आल्या, मशिनगन आल्या, धूर न करणारी दारू आली, तरी फ्रेंच शिपाई लाल विजारीतच. ती बदलायचा प्रस्ताव युद्धमंत्री मेसिमी यांनी मांडला, तेव्हा लाल विजार म्हणजेच फ्रान्स, असा ओरडा झाला. मग आलं पहिलं महायुद्ध. २२ ऑगस्ट १९१४ या एका दिवसात सुमारे २७ हजार फ्रेंच सैनिक मारले गेले. दोष एकट्या विजारीचा नव्हता. पण उन्हातल्या शेतात लाल रंग शत्रूला दुरून दिसत होता, हेही खरं. पुढच्याच वर्षी फ्रेंच फौजा निळसर करड्या गणवेशात आल्या. त्याच १९१५ मध्ये गिराँ द सेव्होला या चित्रकाराच्या हाताखाली लष्करानं ‘कॅमोफ्लाज’चा वेगळा विभाग काढला. चित्रकार तोफा रंगवू लागले, टेहळणीसाठी खोटी झाडं उभी करू लागले.

त्यांचं सूत्र सोपं होतं. डोळा वस्तू ओळखतो ती तिच्या कडेवरून. गडद-फिक्या पट्ट्यांनी ती कड तोडली की समोरचा माणूस डोळ्याला माणूस वाटत नाही. हेच तंत्र पुढं कापडावर उतरलं. १९२९ मध्ये इटलीनं तंबूच्या कापडावर अशी नक्षी छापली, १९३१ मध्ये जर्मनीनं.

आणि इथंच नवा घोटाळा झाला. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेनं आपल्या काही तुकड्यांना बेडकाच्या कातडीसारखे ठिपकेदार कपडे दिले. पॅसिफिकच्या बेटांवर ते चाललेही. पण १९४४ मध्ये नॉर्मंडीत मात्र आफत झाली. समोरच्या जर्मन ‘वाफेन एसएस’चे सैनिकही ठिपक्यांच्याच कपड्यांत! दुरून आपला कोण, परका कोण, कळेना. शत्रूची गोळी चुकवायची आणि मित्राची खायची, अशी गत झाली. ते कपडे युरोपातून मागं घ्यावे लागले. धडा मिळाला तो हा, की नुसतं लपून भागत नाही. आपल्या माणसाला ओळखूही यावं लागतं.

म्हणूनच आज जवळपास प्रत्येक देश आपली वेगळी नक्षी राखतो. जाणकार ती तीन गोष्टींवरून ओळखतात: रंग किती, ठिपका केवढा आणि कडा कशा. ब्रिटिशांच्या ‘डीपीएम’मध्ये चार रंग आणि ब्रशनं ओढल्यासारखे फटकारे. १९८१ च्या अमेरिकी ‘वुडलँड’मध्येही रंग चारच, पण चट्टे मोठाले, त्यांत काळ्या फांद्या. जर्मन ‘फ्लेक्टार्न’ म्हणजे पाच रंगांचा जणू सडा. बारीक चौकोन दिसले तर ती ‘डिजिटल’ नक्षी. कॅनडानं ती १९९०च्या दशकात आणली. अमेरिकी मरीन दलाच्या अशाच कापडात तर गरुड, पृथ्वीगोल आणि नांगर हे त्यांचं बोधचिन्ह बारीक छापलेलं असतं.

सगळ्या कुलपांना एकच किल्ली मात्र चालत नाही. २००४ मध्ये अमेरिकी लष्करानं वाळवंट, जंगल, शहर या सगळ्यांसाठी एकच करडी-हिरवट नक्षी आणली. ती कुठंच धड मिसळेना. २०१० मध्ये अफगाणिस्तानातल्या जवानांना दुसरे कपडे द्यावे लागले.

आपल्याकडं या ओळखीचं मोल पठाणकोटनं दाखवलं. जानेवारी २०१६ मध्ये तिथल्या हवाई तळावर हल्ला करणारे दहशतवादी भारतीय लष्कराच्या वेशात आले होते. त्यानंतर लष्करानं नागरिकांना असे कपडे न वापरण्याचं आणि दुकानदारांना ते न विकण्याचं आवाहन केलं. १५ जानेवारी २०२२ च्या सेनादिनी नवा डिजिटल गणवेश आला. ‘निफ्ट’ या संस्थेच्या मदतीनं बनलेल्या या गणवेशाच्या नक्षीची लष्करानं त्याच वर्षी रीतसर नोंदणी करून घेतली. खुल्या बाजारात त्याची विक्री करायची नाही, हेही ठरलं.

कायदाही या बाबतीत गप्प नाही. आपण सैनिक आहोत असं भासवण्यासाठी तसा वेश करणं हा भारतीय न्याय संहितेच्या १६८व्या कलमानुसार गुन्हा आहे. क्रिकेट पाहायला वेस्ट इंडीजला निघालेल्यांनी तर पेटी भरतानाच जपावं. बार्बाडोसमध्ये कुठल्याही नागरिकाला कॅमोफ्लाजचे कपडे घालायला बंदी आहे. लहान मुलांनाही त्यातून सूट नाही.

पोराच्या हौसेला कुणी आडवं येऊ नये. पण दुकानात त्यानं तशा पँटवर बोट ठेवलं, तर विकत घेण्याआधी ही गोष्ट त्याला सांगावी. सीमेवरचा जवान त्याच नक्षीवरून दुरून आपला माणूस ओळखतो. ती ओळख पक्की राहण्यात त्याचा जीव आहे, हे मुलांना मोठ्यांपेक्षा लवकर पटतं.