बूस्ट झडपेत नव्हे, पुलीत

सुपरचार्जर इंजिनाच्या पट्ट्यावर फिरतो, टर्बोसारखा एक्झॉस्टच्या झोतावर नव्हे. बायपास झडपेची स्प्रिंग कडक केली की बूस्ट वाढतो, हे मागील अंकातील पत्रातले विधान टर्बोच्या वेस्टगेटवरून उचललेले दिसते.

२००५ सालच्या मिनी कूपर एसचे उदाहरण घ्या. तिच्या १.६ लिटर इंजिनावर ईटनचा एम४५ ब्लोअर आहे. एका फेऱ्यात तो ४५ घनइंच, म्हणजे सुमारे पाऊण लिटर हवा ढकलतो; आकडा नावातच आहे. थ्रॉटल अर्धवट उघडा असताना इनटेकमधील निर्वातामुळे झडप उघडते आणि हवा ब्लोअरभोवतीच घुटमळते. पेडल पूर्ण दाबले की निर्वात संपतो, स्प्रिंग झडप मिटवते. मिटलेली झडप आणखी मिटवून दाब वाढणार कसा? स्प्रिंग थकलेली किंवा झडप गळकी असेल तर दुरुस्तीने हरवलेला दाब परत मिळतो, एवढेच.

दाब वाढवायचा तर पुली बदलावी लागते. ब्लोअरची पुली १५ टक्के लहान केली की तो १५ नव्हे, जवळजवळ १८ टक्के जलद फिरतो (१ भागिले ०.८५). हवाही जास्त तापते, नॉकिंगची शक्यता वाढते. म्हणून थंड श्रेणीचे स्पार्क प्लग आणि ईसीयूचे नवे ट्यूनिंग करणे शहाणपणाचे. पट्टाही थोडा आखूड लागतो. जुनाच ठेवला तर तो ढिला पडून घसरतो आणि वाढलेला दाब तिथेच जातो.