गोड्या पाण्याची एक बादली

पंचवटीत राहणाऱ्याने समुद्राखालच्या साधनांविषयी लिहावे, याचे कुणाला नवल वाटेल. पण मालवण-तारकर्लीची सहल आता आपल्याकडील तरुणांनाही नवी राहिलेली नाही. पाठीवर हवेची टाकी बांधायची, पाण्याखाली उतरायचे, मासे पाहायचे आणि छायाचित्र काढून घ्यायचे! या हौसेला माझा विरोध नाही. प्रश्न एवढाच की, ज्या नळीतून आपण श्वास घेतो तिची निगा कोण राखतो, हे आपण कधी विचारतो काय?

हे साधन १९४३ साली फ्रान्समध्ये कूस्तो आणि गान्यां यांनी सिद्ध केले. भरलेल्या टाकीतील हवेचा दाब सुमारे २०० बार, म्हणजे वातावरणाच्या जवळजवळ दोनशे पट असतो. रेग्युलेटर तो उतरवून श्वासाजोगा करतो. समुद्राचे पाणी वाळले की मीठ उरते. ते झडपेत साचते, धातू गंजवते, रबरावर ओरखडे पाडते. यावर पहिला उपाय म्हणजे गोड्या पाण्याची बादली! धुण्यापूर्वी रेग्युलेटरच्या तोंडावर टोपण घट्ट बसवावे, नाहीतर पाणी आत शिरते. मग सावलीत वाळवावे, कारण उन्हाने रबर तडकते. जुनी ओ-रिंग वेळेवर बदलावी. वस्तू क्षुल्लक खरी. पण २८ जानेवारी १९८६ रोजी चॅलेंजर यानातील सात अंतराळवीर गेले, ते अशाच जातीच्या रबरी कड्याने दगा दिला म्हणून.

आपली वृत्ती मात्र निराळी. खंडेनवमीला हत्यारांना झेंडूची माळ घालायची आणि मग बिघाड होईपर्यंत त्यांच्याकडे पाहायचे नाही. बिघडले की दैवाला बोल! रोज संध्याकाळी साधने धुणाऱ्याचे नाव कुठेच येत नाही, कारण न झालेल्या अपघाताची बातमी होत नसते. माझ्या मते खरी शस्त्रपूजा तोच करतो.

गोदाकाठालाही हाच न्याय लागू आहे. दुतोंड्या मारुतीच्या छातीला पाणी लागल्यावर दोर कुजका निघाला, तर दोष पुराचा नव्हे. तो वैशाखातच ताणून पाहायला हवा होता.

म्हणून सहलीला गेलात की भावाबरोबर आणखी दोन प्रश्न विचारा. टाकीची दाबचाचणी कधी झाली? तिची तारीख टाकीवरच कोरलेली असते. रेग्युलेटर उघडून शेवटचे कधी तपासले? उत्तर देताना समोरचा चाचरला, तर पाण्यात उतरू नका. बुडाले तर पैसेच बुडतील.

— द्वितीय वर्ष, कला